फाइलीला परवाना कोण देतो?

मेळघाटात फोनवर काढलेला फोटो हा नुसता फोटो नसतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल, तर त्या फाइलीतच, सुरुवातीच्या एक्झिफ नावाच्या कप्प्यात, अक्षांश-रेखांश लिहून ठेवलेले असतात. धारणीत काढलेल्या फोटोत साडेएकवीस उत्तर आणि शहात्तर-सत्त्याहत्तर पूर्वेच्या आसपासचे आकडे सापडतात. पुढं दशांशाची घरं इतकी असतात की गाव तर कळतंच, पण नाल्याचा कोणता काठ तेही कळतं. पाणवठ्यावरच्या वाघाच्या पंजाचा फोटो असेल तर पाणवठा कुठला, हे कुणाला विचारावं लागत नाही. २०१३ मध्ये ज्या मेळघाटातल्या वाघांच्या शिकारीचं प्रकरण गाजलं, तिथं ही माहिती कुणाच्या हाती पडते याला अर्थ आहे.

२०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० नं यात आडकाठी घातली. एखाद्या ॲपला फोटो बघायची परवानगी आहे, पण फोटोतलं ठिकाण वाचायची वेगळी परवानगी नाही, असं असेल तर त्याला तोच फोटो मिळतो. फक्त ठिकाणाच्या जागी शून्यं भरलेली असतात. फोनमधली मूळ फाइल जशीच्या तशी राहते. ॲपला वाटतं, आपण फाइल वाचली. प्रत्यक्षात मध्ये बसलेल्या कुणीतरी ती हातात घेऊन, नको ते पुसून पुढं दिलेली असते.

हा मधला कोण, आणि फोनमधली प्रत्येक फाइल त्याच्या हातून जाणार असेल तर फोन रखडणार नाही का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिनक्स कर्नलमध्ये ‘फ्यूज पासथ्रू’ नावाची सोय आली. २०२५ मध्ये कर्नलच्या अधिकृत कागदपत्रांत त्या सोयीवर एक छोटं टिपणही दाखल झालं. सोय हुशारीची आहेच, पण मला त्या टिपणाचं जास्त कौतुक आहे.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल असतो. ॲपनं ‘ही फाइल वाचून दे’ म्हटलं की कर्नलमधला फाइलसिस्टीमचा भाग कामाला लागतो. कोणत्या नावाची फाइल चिपवर कुठं पसरली आहे आणि ती कुणी वाचायची, याचा सगळा हिशेब त्याच्याकडे असतो. हा कोड कर्नलच्या आत असल्यामुळे त्यात चूक झाली तर अख्खं यंत्र कोसळू शकतं, आणि नवी फाइलसिस्टीम लिहायची तर कर्नलमध्येच हात घालावा लागतो. हंगेरीच्या मिक्लॉस सेरेदी यांनी यावर तोड काढली. कर्नलच्या आत फक्त निरोप्याचं काम करणारा छोटासा भाग ठेवायचा, आणि फाइलसिस्टीमचं डोकं बाहेर, साध्या प्रोग्रॅमच्या जगात, म्हणजे यूजरस्पेसमध्ये न्यायचं. हेच फ्यूज. २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तीत ते दाखल झालं. बाहेर बसलेल्या प्रोग्रॅमला डीमन म्हणतात. तो चुकून मेला तर तेवढी एक फाइलसिस्टीम बंद पडते, यंत्र चालू राहतं.

फ्यूजमुळे कितीतरी गोष्टी सोप्या झाल्या. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह उबुंटूवर उघडायचा तर वर्षानुवर्षं एनटीएफएस-थ्रीजी हा फ्यूजवरचाच प्रोग्रॅम ते काम करत होता. दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डर आपल्याच यंत्रावर असल्यासारखं दाखवणारं एसएसएचएफएस तसंच. बेंगळुरूत मोठी अभियंता मंडळी असलेली आणि २०११ मध्ये रेड हॅटनं विकत घेतलेली ग्लस्टर ही कंपनी तर अनेक सर्व्हरांची साठवण एकत्र बांधून देत होती, आणि ती साठवण वापरणाऱ्या यंत्रावर बहुतेक वेळा फ्यूज असायचं.

सामान्य माणसाशी मात्र फ्यूजची गाठ पडली ती फोनमुळे, तीही धरसोडीनं. आधी काही वर्षं अँड्रॉइडमध्ये फोनची सामाईक साठवण, म्हणजे फोटो-गाणी-डाउनलोड ठेवायची जागा, फ्यूजमधून जायची. ते हळू पडतं म्हणून २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये एसडीकार्डएफएस नावाची, कर्नलच्या आतच चालणारी फाइलसिस्टीम आणली. ती वेगवान होती, पण मुख्य लिनक्समध्ये तिला कधी जागा मिळाली नाही; दर नव्या कर्नलवर ती ओढून न्यावी लागे. शिवाय ‘या ॲपला फोटो दाखव पण त्यातलं ठिकाण दाखवू नकोस’ असले बारीक नियम कर्नलच्या आत कोंबणं शहाणपणाचं नव्हतं. २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये गाडी पुन्हा फ्यूजवर आली. या वेळी डीमन म्हणून बसला तो मीडिया प्रोव्हायडर, फोनमधल्या फोटो-व्हिडिओंची नोंदवही सांभाळणारा प्रोग्रॅम. ठिकाण पुसणारा मधला तो हाच.

आता खर्चाचा हिशेब पाहू. साध्या फाइलसिस्टीमवर ॲप कर्नलमध्ये जातं, कर्नल माहिती देतो, ॲप परत येतं. फ्यूजमध्ये ॲप कर्नलमध्ये जातं आणि थांबतं. कर्नल मागणी रांगेत लावून डीमनला जागं करतो. डीमन मागणी वाचतो, खालच्या खऱ्या फाइलसिस्टीमवरून माहिती आणायला स्वतः पुन्हा कर्नलमध्ये जातो, माहिती घेऊन बाहेर येतो, उत्तर द्यायला परत आत जातो. मग कुठं ॲप जागं होतं. हे सगळं एका तुकड्यापुरतं. तुकडा १२८ केबीचा धरला तर ४ एमबीच्या फोटोला अशा ३२ फेऱ्या आणि ७०० एमबीच्या सिनेमाला ५६०० फेऱ्या पडतात. २०१७ मध्ये वंगूर, तारासोव्ह आणि झाडोक या तिघांनी फ्यूजचं नीट मोजमाप केलं. काही कामांत फ्यूज असल्याचा पत्ताही लागत नव्हता, तर काही कामांत सगळ्या सुधारणा करूनही वेगात ८३ टक्क्यांपर्यंत घट होत होती. प्रोसेसरवरच्या भारात ३१ टक्क्यांपर्यंत वाढ होते, असंही त्यांना दिसलं.

वेगापेक्षा मला दुसरी गोष्ट अधिक खुपते. कर्नल एकदा वाचलेली माहिती रॅममध्ये राखून ठेवतो, पुन्हा मागितली तर पटकन देता यावी म्हणून. फ्यूजमध्ये एकाच फोटोच्या अशा दोन प्रती रॅममध्ये राहू शकतात: एक फ्यूजच्या खात्यावर, दुसरी खालच्या खऱ्या फाइलसिस्टीमच्या खात्यावर. सोळा जीबी रॅमवाल्याला याचं काही वाटणार नाही. धारणीच्या बाजारात जे फोन खपतात, त्यांतल्या तीन-चार जीबीच्या फोनला वाटतं. रॅम भरली की मागं उघडं ठेवलेलं ॲप बंद पडतं, आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो.

इथं एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या भागात फाइली अजून हातोहात फिरतात. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं. तरी जंगलातल्या बऱ्याच गावांत नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे कोरकू गाण्यांचे व्हिडिओ, सिनेमे, लग्नाचं शूटिंग मेमरी कार्डात भरून घ्यायची पद्धत काही पूर्ण गेलेली नाही. दुकानदार कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरवरून भरतो तेव्हा फोनच्या फ्यूजचा संबंधच येत नाही. पण तेच कार्ड फोनमध्ये घालून फोनमधल्या फोनमध्ये दोन जीबी इकडून तिकडं केले, की पासथ्रू नसेल तर प्रत्येक तुकडा मीडिया प्रोव्हायडरच्या हातून जातो. वाचतानाही, लिहितानाही.

पासथ्रूची कल्पना समजायला परतवाड्याच्या लाकूड डेपोतून सागवान घेऊन निघालेला ट्रक डोळ्यांपुढं आणावा. वनखात्यानं माल एकदा मोजला, ओंडक्यावर हातोड्याचा छाप पडला, वाहतूक पास हातात आला, की वाटेतल्या नाक्यावर ओंडके उतरवून पुन्हा मोजत बसत नाहीत. पासाचा नंबर बघतात, गाडी सोडतात. फ्यूजमध्येही तसंच. ॲपनं फाइल उघडायला मागितली की मागणी पूर्वीसारखीच डीमनकडे जाते. हे ॲप कोण, परवानगी आहे का, काही पुसायचं आहे का, हे डीमन बघतो. सगळं ठीक असेल तर खालची खरी फाइल तो स्वतः उघडतो, कर्नलकडे नोंदवतो आणि बदल्यात एक नंबर घेतो. त्या नंबराला बॅकिंग आयडी म्हणतात. मग ‘उघड’ या मागणीच्या उत्तरातच तो सांगतो: या नंबराच्या फाइलीवर थेट काम चालू दे. तिथून पुढं वाचणं, लिहिणं, फाइल मेमरीत जोडून घेणं हे सगळं कर्नल परस्पर खालच्या फाइलीवर करतो. डीमन झोपलेलाच राहतो. रॅममधली दुसरी प्रतही होत नाही.

वाचन थेट होत असलं तरी ते डीमनच्या अधिकारानं होतं, ॲपच्या नव्हे. ॲपला खालच्या खऱ्या फाइलीला हात लावायची मुभा तेव्हाही नसते. तपासणी एकदाच, उघडताना होते. यात धोका आहे असं वाटू शकेल, पण युनिक्समध्ये साध्या फाइलींचंही पहिल्यापासून असंच आहे. उघडलेली फाइल नंतर परवानगी बदलली म्हणून हातातून जात नाही.

आणि ठिकाण पुसायचा फोटो? त्याला पास मिळत नाही. ज्या फाइलीत काही झाकायचं आहे, तिचा प्रत्येक तुकडा डीमनच्या डोळ्यांखालून जायलाच हवा, म्हणून मीडिया प्रोव्हायडर तिला जुन्या, लांबच्या वाटेनंच पाठवतो. वेग आणि गुप्तता यांतलं काय निवडायचं हे इथं फाइलीगणिक, ॲपगणिक ठरतं. ही मला या रचनेतली सर्वांत समंजस गोष्ट वाटते.

पासथ्रूनं सगळंच सुधारतं असं मात्र नाही. फोल्डर उघडून यादी दाखवणं, नाव बदलणं, फाइल खोडणं हे अजून डीमनच करतो. व्हॉट्सॲपच्या फोल्डरात ‘शुभ सकाळ’चे हजारो फुलवाले फोटो साचलेले असतील तर गॅलरी उघडताना होणारा उशीर या सोयीनं जात नाही, कारण तिथं वेळ जातो तो एकेक फाइल शोधण्यात आणि उघडण्यात. त्यावर उपाय कर्नलकडे नाही, ते फोटो पाठवणाऱ्या काकांकडे आहे.

गुगलच्या अलेसियो बाल्सिनी यांनी २०२० मध्ये पासथ्रूचा प्रस्ताव मांडला आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ च्या कर्नलमध्ये ते आलंही. पण फोनच्या कर्नलमध्ये येणं वेगळं आणि मुख्य लिनक्समध्ये येणं वेगळं. गुगलला एकच डीमन सांभाळायचा होता, तोही स्वतःचा. मुख्य लिनक्समध्ये कुणीही, कसाही डीमन लिहू शकतो. अमीर गोल्डस्टीन यांनी त्या कल्पनेला नवं रूप दिलं, सेरेदी यांनी ते पारखलं, आणि मे २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.९ मध्ये पासथ्रू दाखल झालं. एक फाइल दोघांनी उघडली तर दोघांच्याही मागं तीच बॅकिंग फाइल असली पाहिजे, एकाला थेट आणि दुसऱ्याला रॅममधल्या जुन्या प्रतीतून असा गोंधळ चालणार नाही, अशा बारीकसारीक अटी त्यात बसवल्या गेल्या.

त्यातलीच एक अट म्हणजे फाइल नोंदवणाऱ्या डीमनकडे कॅप-सिस-ॲडमिन हा अधिकार हवा. हा जवळजवळ रूटचाच, म्हणजे यंत्राच्या मालकाचा अधिकार. फ्यूजची सगळी शान ही की साधा वापरकर्ताही आपली फाइलसिस्टीम चालवू शकतो, आणि त्याच फ्यूजमधली ही नवी सोय साध्या वापरकर्त्याला बंद! का बंद, याचं उत्तर कोडमध्ये एका ओळीच्या टिप्पणीत होतं. तिचा आशय असा, की बॅकिंग फाइली उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला दिसू लागल्या की ही अट सैल करायची आहे. बस्स. ज्यांनी चर्चा केली होती त्यांना तेवढं पुरेसं होतं.

बाहेरच्या माणसाचं काय होतं ते बघा. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणारा धारणीचा एखादा मुलगा सुटीत घरी बसून स्वतःची फाइलसिस्टीम लिहितोय असं समजू. तो फाइल नोंदवायला जातो, कर्नल उत्तर देतो: परवानगी नाही. हेच उत्तर त्याच्याकडे अधिकार नसेल तरी येतं, आणि कर्नलशी होणाऱ्या सुरुवातीच्या बोलणीत तो पासथ्रू मागायचं विसरला असेल तरीही येतं. दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच. पुढं रूट होऊन त्यानं चुकीच्या जागची फाइल दिली तर पडद्यावर चक्क सिम्बॉलिक लिंकांचे, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या नोंदींचे, थर जास्त झाल्याची तक्रार उमटते, आणि त्यानं तर एकही सिम्बॉलिक लिंक केलेली नसते. फाइलसिस्टीम एकावर एक रचण्याच्या थरांच्या मर्यादेसाठी कर्नलनं जुनाच एरर नंबर वापरला आहे आणि त्या नंबराला जोडलेलं वाक्य दुसऱ्याच कामाचं आहे. अशा ठिकाणी माणूस रात्रभर चुकीच्या दिशेनं खणत बसतो.

२०२५ चं टिपण नेमकं इथं उपयोगी पडतं. त्यात पासथ्रू कसं चालू करायचं याच्या पायऱ्या आहेत: सुरुवातीच्या बोलणीत सोय आणि थरांची मर्यादा मागायची, फाइल नोंदवायची, उघडण्याच्या उत्तरात नंबर द्यायचा, काम झालं की नोंद सोडवायची. पण त्याचा मोठा भाग ‘अधिकार का लागतो’ यावरच खर्चला आहे, आणि खरं तर त्यासाठीच ते लिहिलं गेलं.

पहिलं कारण, फाइली अदृश्य होतात. डीमननं फाइल नोंदवली आणि स्वतःकडची बंद केली, तर ती आता कर्नलनं धरून ठेवलेली असते, पण कुठल्याच प्रोसेसच्या यादीत दिसत नाही. एलएसओएफ हे साधन ‘ही फाइल कुणी धरली आहे’ ते सांगतं. ते इथं आंधळं होतं. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे मोजणी. एका प्रोसेसनं एका वेळी किती फाइली उघड्या ठेवायच्या याला मर्यादा असते, बऱ्याच यंत्रांवर सहज बदलता येणारी मर्यादा १०२४ असते. नोंदव, बंद कर, पुन्हा नवी उघड, नोंदव, असं करत गेलं तर मर्यादा कागदावरच राहते आणि कर्नलची मेमरी खाल्ली जाते.

दुसरं कारण अधिक गुंतागुंतीचं, थरांचं. बॅकिंग फाइल त्याच फ्यूजवर असली तर? किंवा ती दुसऱ्या एका थरदार फाइलसिस्टीमवर असली, आणि तिच्या तळाशी पुन्हा हीच फ्यूज असली तर? मग बंद करायच्या वेळी एक फाइलसिस्टीम दुसरीसाठी थांबते, दुसरी पहिलीसाठी, आणि सुटका कुणाचीच होत नाही. वाचतानाही प्रत्येक थर कर्नलच्या स्टॅकवर आणखी एक मजला चढवतो, आणि तो स्टॅक आजच्या ६४ बिट यंत्रावर जेमतेम १६ केबीचा असतो. म्हणून कर्नलनं फाइलसिस्टीम एकावर एक रचायची कमाल खोली २ ठेवली आहे. पासथ्रूमध्ये नोंदणीच्या वेळीच ती तपासली जाते. तरीही साध्या वापरकर्त्याच्या हाती हे द्यायला कर्नलवाले तयार नाहीत. फाइललाच डिस्क म्हणून जोडणारं लूप डिव्हाइस उभारायलाही सहसा रूटचाच अधिकार लागतो.

‘कसं करायचं’ हे कोड वाचून कळतं. वेळ लागतो, पण कळतं. ‘का करू देत नाही’ हे कोडमध्ये नसतं. ते चार माणसांच्या डोक्यात असतं, आणि ती माणसं दुसऱ्या कामाला लागली की जातं. मग दहा वर्षांनी कुणीतरी ती अट निरर्थक समजून काढून टाकतं, नाहीतर कुणीच हात लावायला धजत नाही. हे टिपण प्रश्न सुटलेला नसतानाच लिहिलं गेलं, आणि प्रश्न सुटलेला नाही हे ते उघडपणे सांगतं. आपल्याकडच्या कितीतरी शासन निर्णयांत अट असते, दंड असतो, कारण मात्र ‘लोकहितास्तव’ एवढंच असतं. त्या तुलनेत हे दोन-तीन पानांचं टिपण फारच सभ्य वाटतं.

कर्नलच्या कागदपत्रांसोबत चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश अनुवादांचे फोल्डर ठेवलेले असतात. भारतीय भाषा तिथं अजून एकही नाही. संपूर्ण कागदपत्रं मराठीत आणायची भाषा मी करणार नाही, ते कुणाच्याच आवाक्यातलं नाही. पण कारणांची टिपणं तेवढी आली, तरी बारावीनंतर पहिल्यांदा कर्नल उघडणाऱ्या मुलाला बरंच सोपं जाईल. नियम पाठ करायला परकी भाषा चालते. कारण पटायला ती आड येते.

ज्याला करून बघायचं आहे त्याला महागडं यंत्र लागत नाही. लिनक्स ६.९ किंवा त्यापुढचा कर्नल, त्यात पासथ्रूचा पर्याय चालू केलेला, आणि नवी लिबफ्यूज, म्हणजे फ्यूजचे डीमन लिहायची लायब्ररी, एवढं पुरतं. लिबफ्यूजसोबत येणाऱ्या नमुना प्रोग्रॅमांत पासथ्रू-एचपी नावाचा एक आहे, त्यात ही सोय वापरलेली आहे. नावावरून फसू नये: तिथले बाकीचे पासथ्रू नावाचे नमुने या सोयीच्या आधीचे आहेत. रूट होऊन तो चालवावा, एक मोठा व्हिडिओ सोय बंद ठेवून आणि चालू ठेवून वाचून वेळ मोजावा. मग पेन ड्राइव्हवरची एक फाइल स्वतःच्या छोट्या डीमनमधून नोंदवावी, डीमनमधली मूळ फाइल बंद करावी आणि एलएसओएफला विचारावं, पेन ड्राइव्ह कुणी धरला आहे. यादी रिकामी येते. पेन ड्राइव्ह अनमाउंट करायला जावं, तर कर्नल म्हणतो तो बिझी आहे. डीमन बंद केला, त्याची फ्यूज फाइलसिस्टीम अनमाउंट केली आणि ती फाइल आणखी कुणी उघडी ठेवलेली नसली, की तो मुकाट्यानं सुटतो.